कॉन्फ्लिक्ट न येता बिघडलेला मर्ज

प्रश्न थोडक्यात असा: कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनावर एक मुक्तस्रोत लायब्ररी आहे, नियमित कोड देणारे चाळीसेक जण, एक मुख्य ब्रँच (कोडची शाखा) आणि जुन्या रिलीजच्या दोन ब्रँच. काम लांबलचक फीचर ब्रँचवर चालतं आणि रिलीजच्या तोंडावर एकत्र केलं जातं. मागच्या खेपेला नुसते मर्ज करण्यात, म्हणजे ब्रँच एकमेकींत मिसळण्यात, दोन आठवडे गेले, आणि शेवटी जो बग निघाला तो कोणाच्याच कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, सापडत नाही. टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळं रीबेस करा, म्हणजे आपले कमिट मुख्य ब्रँचच्या टोकावर नव्याने रचा, दुसरा म्हणतो मर्जच ठेवा. लिनक्स कर्नेलसारख्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अवाढव्य प्रकल्पात हे कसं निभावतात, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल?

मी गेली बरीच वर्षं मुक्तस्रोत प्रकल्पांमध्ये मेंटेनर म्हणून इतरांचा कोड आत घेण्याचं काम करतो आहे. रीबेस की मर्ज या वादाकडे मी नंतर येतो, कारण तुमचं खरं दुखणं मला त्या बगमध्ये दिसतं. तिथूनच सुरुवात करू.

असाच बग मी भोगला आहे. एका नेटवर्क लायब्ररीत, जोडणी लागली नाही तर किती वेळाने नाद सोडायचा हे ठरवणारं एक फंक्शन होतं. त्याला आकडा सेकंदांत द्यायचा. एका ब्रँचवर एकाने हा आकडा मिलिसेकंदांत घ्यायचं ठरवलं. फंक्शन बदललं आणि ते जिथे जिथे वापरलं होतं त्या सगळ्या जागी ३० चे ३०००० केले. काम चोख होतं, मी स्वतः रिव्ह्यू केला होता. त्याच महिन्यात दुसऱ्या ब्रँचवर दुसऱ्याने प्रॉक्सीसाठी (जोडणीच्या मधल्या सर्व्हरसाठी) नवीन फाइल लिहिली आणि तिच्यात तेच फंक्शन ३० देऊन वापरलं. त्याच्या ब्रँचवरच्या कोडप्रमाणे तेही बरोबर. दोन्ही ब्रँचच्या टेस्ट हिरव्या. मी मर्ज मारला आणि एकही कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला नाही, कारण एकाच ओळीला दोघांनी हात लावलेलाच नव्हता. बिल्डही (कोडपासून प्रोग्राम बनवणं) सुरळीत झाला, कारण कंपायलरच्या लेखी आकडा तो आकडाच. प्रॉक्सीमागून येणारे लोक मात्र ३० मिलिसेकंदांत बाहेर फेकले जायला लागले. आमच्या जलद नेटवर्कवर काही दिसेना, तक्रारी फक्त बाहेरून येत होत्या. बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटपासून आला ते शोधणारी गिटची सोय, लावला तर तो थेट माझ्या मर्ज कमिटवर येऊन थांबला. त्यात एकत्र आलेले दोन्ही पालक कमिट चांगले, मर्ज तेवढा बिघडलेला. बायसेक्ट चुकतोय अशा समजुतीने मी तीन दिवस तो पुन्हा पुन्हा चालवत राहिलो.

गिट मर्ज करताना तीन ठिकाणं पाहतो: दोन ब्रँच जिथून फुटल्या तो समाईक कमिट, आणि दोघींची आजची टोकं. ओळ एकाच बाजूने बदलली असेल तर ती घेतो, दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर हात वर करतो. २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीपासून ओर्ट ही पद्धत डीफॉल्ट झाली. तिच्यामुळे नावं बदललेल्या फायली ओळखणं पुष्कळ वेगवान झालं, पण कोडचा अर्थ तिलाही कळत नाही. म्हणून कॉन्फ्लिक्ट आला की मला एका परीने बरं वाटतं. तिथे माणूस थांबतो, दोन्ही बाजू वाचतो. धोका असतो तो गिट न थांबता पुढे गेला त्या जागी. तुमच्या टीमने दोन आठवडे दिसणारे कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात घालवले आणि बग आला तो बहुधा न दिसणाऱ्यातून.

यावरचा पहिला इलाज मर्जच्या आधीचा आहे आणि तो अगदी साधा आहे: फंक्शनचा अर्थ बदलला की त्याचं नावही बदला. आमच्या त्या फंक्शनला नवीन नाव दिलं असतं आणि जुनं काढून टाकलं असतं, तर प्रॉक्सीच्या फाइलचा बिल्ड मर्जनंतर लगेच फुटला असता आणि पाच मिनिटांत काम उरकलं असतं. कर्नेलमध्ये हे शिस्तीने करतात. तिथे टायमर लावताना कॉलबॅकला, म्हणजे वेळ संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, पूर्वी एक नुसता अनसाइन्ड लाँग आकडा जायचा. तो बदलून टायमरचाच पॉइंटर (पत्ता) द्यायचं ठरलं, तेव्हा जुन्या ‘सेटअप_टायमर’च्या जागी ‘टायमर_सेटअप’ असं नवं नाव आलं. आधी नवं फंक्शन आणलं, मग शेकडो ड्रायव्हर एकेक करून त्यावर नेले, आणि २०१७ अखेरीस ४.१५ या आवृत्तीची जुळणी होत असताना जुनं नाव काढून टाकलं. त्या धांदलीत कोणी जुन्या पद्धतीचा कोड घेऊन आलाच, तर तो चुपचाप आत शिरू शकत नव्हता. सगळीकडे हात लावणारा बदल एकाच कमिटमध्ये न कोंबता ‘नवं आणा, लोकांना हलवा, जुनं काढा’ अशा तीन टप्प्यांत करणं हा मोठ्या प्रकल्पातला मर्ज सोपा करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणि तो सुचवायला रिव्ह्यूच्या वेळी एक वाक्य पुरतं.

दुसरा इलाज वेळेचा. कर्नेलचं वेळापत्रक पाहा. साधारण ९ ते १० आठवड्यांत एक रिलीज. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, नवीन सगळं त्यातच आत येतं. मग आरसी-१, म्हणजे रिलीजची पहिली उमेदवार आवृत्ती, आणि पुढे दर रविवारी एकेक आरसी, सातव्या किंवा आठव्यापर्यंत, त्यांत फक्त दुरुस्त्या. एका रिलीजमध्ये १२ ते १५ हजारांच्या घरात कमिट असतात आणि त्यांतले बहुतांश त्या दोन आठवड्यांत येतात, शेकडो पुल रिक्वेस्टमधून (‘माझी ब्रँच आत घ्या’ अशा विनंत्या), आणि मुख्य ट्रीमध्ये, म्हणजे मूळ कोडसाठ्यात, त्या ओढून घेतात कर्नेलचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स. तुम्हालाही दोनच आठवडे लागले, पण तुमचे चाळीस जण आणि त्यांचे दोनेक हजार, हा फरक कुठून येतो? विंडो उघडते तेव्हा येणारा माल आधीच एकमेकांबरोबर शिजवून पाहिलेला असतो, तिथून.

हे शिजवणं जिथे होतं त्याचं नाव लिनक्स-नेक्स्ट. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ च्या फेब्रुवारीत ते सुरू केलं. कामाच्या दिवशी रोज लिनस यांच्या मुख्य ब्रँचवर एकामागून एक तीनशेहून जास्त ब्रँच मर्ज करायच्या, मध्ये मध्ये बिल्ड करून पाहायचा, जिथे दोन मेंटेनरांचं काम एकमेकांवर आदळतं तिथे कॉन्फ्लिक्ट सोडवायचा आणि दोघांनाही मेल टाकायचा: तुमचं असं असं झालंय, मी हे असं सोडवलंय, पाहून घ्या. एखाद्या ब्रँचमुळे बिल्डच फुटला तर त्या दिवशी तिची कालची आवृत्ती वापरायची. संध्याकाळी त्या दिवसाच्या तारखेचा टॅग (त्या अवस्थेला दिलेलं नाव). आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं सोडून देऊन नव्याने सुरुवात.

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा रेंगाळतो, कारण इथेच बहुतेक प्रकल्प वाट चुकतात. लोक नेक्स्टचं अनुकरण म्हणून एक ‘डेव्हलप’ ब्रँच काढतात, त्यात सगळं ओततात, आणि रिलीजच्या वेळी ती अख्खी मुख्य ब्रँचमध्ये ढकलतात. मग त्यातलं एक फीचर कच्चं निघालं तरी ते वेगळं काढता येत नाही, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर रचलेलं असतं. नेक्स्ट ही तालीम आहे, ती कधीच मुख्य ब्रँचमध्ये जात नाही. तिथे जाते ती प्रत्येक मेंटेनरची आपली ब्रँच, स्वतंत्रपणे, तिची वेळ आल्यावर. गिट हा प्रकल्प स्वतःही असाच चालतो. जुनिओ हमानो तो २००५ च्या जुलैपासून सांभाळतात. तिथे प्रत्येक विषयाची वेगळी ब्रँच असते. ती आधी ‘सीन’ या ब्रँचमध्ये येते, ‘सीन’चं नाव २०२० पर्यंत ‘पीयू’ होतं. मग ‘नेक्स्ट’मध्ये काही दिवस मुरते आणि मग ‘मास्टर’मध्ये जाते. ‘सीन’ वरचेवर पुसून नव्याने बांधली जाते. एखादा विषय मागे राहिला तर बाकीच्यांचं काही अडत नाही.

तुमच्यासाठी याची छोटी आवृत्ती म्हणजे रात्री चालणारी एक शेल स्क्रिप्ट. मुख्य ब्रँच घ्या, उघड्या असलेल्या सगळ्या फीचर ब्रँच ठरलेल्या क्रमाने तिच्यावर मर्ज करा, बिल्ड आणि टेस्ट चालवा, निकाल मेलने पाठवा, ब्रँच टाकून द्या. जी मर्ज होत नाही ती वगळा आणि तिच्या मालकाला कळवा, शिवाय ती ज्याच्याशी भांडली त्यालाही. माझा अनुभव असा की पहिल्या आठवड्यात मेलचा पाऊस पडतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून लोक कोड लिहिण्याआधीच एकमेकांना विचारायला लागतात की तू त्या फाइलमध्ये आहेस का.

या स्क्रिप्टचा जीव रेरेरे या सोयीत आहे. नाव विचित्र आहे, काम सोपं: एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवायचा आणि तसाच पुन्हा आला की तेच उत्तर आपोआप लावायचं. सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. तिच्या दोन गोष्टी सांभाळा. हे उत्तर त्या रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) स्थानिक कॅशमध्ये राहतं, पुश केल्याने दुसऱ्याकडे जात नाही, म्हणून रात्रीची स्क्रिप्ट एकाच मशीनवर, एकाच रेपोत चालू द्या. दुसरं, चुकीचं उत्तरही ती तितक्याच इमानदारीने लावत राहते. एखादी फाइल चुकीची सोडवली गेली हे लक्षात आलं की ‘रेरेरे फर्गेट’ला त्या फाइलचा पत्ता देऊन ते उत्तर विसरायला लावा आणि नव्याने सोडवा.

आता प्रवाहाची दिशा. तुमच्या रेपोत मला खात्रीने दिसेल असा एक प्रकार म्हणजे फीचर ब्रँचवर दर दोन दिवसांनी ‘मर्ज मेन’ हा कमिट. प्रत्येक जण आपली ब्रँच ताजी ठेवतो आहे अशा भावनेने हे करतो. कर्नेलमध्ये याला बॅक-मर्ज म्हणतात आणि त्यावर डोळे वटारले जातात. कारण असं की मुख्य ब्रँच त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे हे तुम्हाला माहीत नसतं. मर्ज विंडोच्या मधोमध ओढलेला कोड दुसऱ्या कोणाच्या तरी अर्धवट बगसकट तुमच्या ब्रँचमध्ये येतो. मग तुमची टेस्ट फुटते आणि तुम्ही आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसता. महिन्यांनी इतिहास वाचणाऱ्याला त्या वीस मर्जमध्ये तुमचे सहा कमिट शोधावे लागतात. मुख्य ब्रँच खाली ओढायचीच असेल तर ठोस कारण हवं, आणि ती एखाद्या आरसी किंवा रिलीजच्या टॅगपाशीच ओढावी, अधल्यामधल्या कमिटवर नाही. आणि ते कारण मर्जच्या संदेशात लिहावं. ‘आरसी-३ मर्ज केला, कारण सॉकेटची लॉकिंग दुरुस्ती त्यात आली आहे आणि पुढचे चार पॅच तिच्यावर अवलंबून आहेत’ एवढं पुरतं.

कारण असलेला बॅक-मर्ज कसा दिसतो ते नेटवर्किंगमध्ये पाहायला मिळतं. तिथे दोन ट्री आहेत, ‘नेट’ दुरुस्त्यांसाठी आणि ‘नेट-नेक्स्ट’ नव्या कामासाठी. दुरुस्त्या साधारण आठवड्याला लिनस यांच्याकडे जातात, आणि त्या तिथे पोहोचल्यावर ‘नेट’ ही ‘नेट-नेक्स्ट’मध्ये मर्ज केली जाते, म्हणजे नवं काम दुरुस्त कोडवरच चालतं. ठरलेली दिशा, ठरलेली वेळ, आणि ते काम ठरलेल्या मेंटेनरांचंच.

‘कॉन्फ्लिक्ट येईल म्हणून मी आधीच मेन ओढून तो सोडवून ठेवला’ हा युक्तिवाद तुमच्याकडेही होत असेल. लिनस यांनी मेंटेनरांना वारंवार सांगितलं आहे की असं करू नका, कॉन्फ्लिक्ट मला सोडवू द्या. वरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात, कुठले दोन उपविभाग एकमेकांच्या पायावर पाय देत आहेत हेही कळतं. तुम्ही फक्त पुल रिक्वेस्टमध्ये लिहा की अमुक फाइलमध्ये अमुकाशी कॉन्फ्लिक्ट येईल, मी तो असा सोडवला असता, आणि हवं तर तसं करून दाखवणारी एक वेगळी नमुना ब्रँच जोडा. मी हे आमच्याकडे लागू केलं तेव्हा माझं काम वाढलं, हे खरं. पण चुकीचे सोडवलेले कॉन्फ्लिक्ट जवळजवळ बंद झाले. आधी ते सोडवणारा माणूस फक्त आपली बाजू जाणत होता.

दोन फीचर ब्रँचना एकच पायाभूत बदल हवा असेल तर तो दोन्हीकडे चेरी-पिक करू नका, म्हणजे कमिटची नक्कल टाकू नका. तेवढ्याच बदलाची एक छोटी ब्रँच काढा, तिला हात लावायचा नाही असं जाहीर करा, आणि दोघांनी ती मर्ज करून घ्या. कमिट तेच, त्यांची ओळखही तीच, त्यामुळे पुढे दोन्ही ब्रँच मुख्यमध्ये आल्या की गिट त्यांना एकदाच मोजतो. चेरी-पिकमध्ये दोन जुळे कमिट तयार होतात, आणि त्यांतल्या एकावर कोणी पुढची दुरुस्ती केली की मर्जच्या वेळी डोकेदुखी सुरू होते.

रीबेस की मर्ज? दोन्ही मार्गांनी मोठे प्रकल्प चालतात. एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प २०१९ मध्ये गिटवर आला आणि त्यांनी मर्ज कमिटना मज्जावच केला, इतिहास सरळ रेषेत. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही तसंच. कर्नेल मर्जवरच उभा आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात बॉर्स नावाचा बॉट प्रत्येक पुल रिक्वेस्ट मुख्य ब्रँचवर मर्ज करून पाहतो, त्या मर्ज केलेल्या कोडवर सगळ्या टेस्ट चालवतो आणि हिरवा निकाल आला तरच मुख्य ब्रँच पुढे सरकवतो. किरकोळ रिक्वेस्ट एकत्र बांधून एकाच खेपेत तपासतात, तो रोलअप. माझ्या लेखी यांतलं तुम्ही सर्वांत आधी उचलावं ते बॉर्सचं. बहुतेक ठिकाणी सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) फक्त ब्रँच तपासतं. ब्रँच हिरवी होती तेव्हाची मुख्य ब्रँच आणि मर्ज होतानाची मुख्य ब्रँच यांच्यामध्ये दहा कमिट गेलेले असतात, आणि माझ्या ३० मिलिसेकंदांच्या बगसारखे बग नेमके त्या फटीत राहतात. मर्ज क्यू, म्हणजे बॉर्ससारखी रांग, लावली की ती फट बुजते. अर्थात प्रॉक्सीवरून जाणारी एखादी टेस्ट असली तरच. आमच्याकडे ती नव्हती.

बाकी नियम मी असा ठेवतो. एक ते तीन कमिटचं किरकोळ काम रीबेस करून सरळ रेषेत घ्यावं. पाच-दहा कमिटचं, स्वतःची गोष्ट असलेलं काम ‘नो-एफएफ’ (मर्ज कमिट बनवाच असं सांगणारा पर्याय) देऊन मर्ज कमिटने घ्यावं, म्हणजे ते एका गठ्ठ्यात दिसतं. आपली ब्रँच कोणी पाहिलेली नाही तोवर ती हवी तितकी रीबेस करा, कमिट नीटनेटके करा, त्यात गैर काही नाही. दुसऱ्याने तिच्यावर काम सुरू केलं की रीबेस बंद. आणि पुल रिक्वेस्ट पाठवायच्या आदल्या रात्री रीबेस करू नका. रीबेसने कमिट नवे होतात, आणि महिनाभर तपासला गेला तो कोड वेगळ्या पायावर उभा होता. पाठवलेला कोड मग कोणीच तपासलेला नसतो.

मर्ज कमिटचा संदेश हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘मर्ज ब्रँच फिक्स-२’ अशा संदेशांनी भरलेला इतिहास मी पाहतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण ती जागा फुकट गेलेली असते. कर्नेलमध्ये मेंटेनर आपल्या स्वाक्षरी केलेल्या टॅगमध्ये लिहितो की या गठ्ठ्यात काय आहे, आणि तोच मजकूर लिनस यांच्या मर्ज कमिटमध्ये उतरतो. स्वाक्षरीच्या टॅगवरून असं थेट ओढणं २०१२ च्या सुरुवातीच्या गिट १.७.९ पासून सोपं झालं. त्याआधी २०११ च्या ऑगस्टमध्ये कर्नेलचा कोड ठेवणाऱ्या कर्नेल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांत घुसखोरी उघड झाली होती, आणि आलेला कोड नक्की त्याच माणसाचा आहे हे पडताळण्याची निकड सगळ्यांना पटली होती. तुम्ही स्वाक्षरी नंतर आणा, मजकूर आजपासून आणा. आमच्या रेपोतला एक असा आहे: ‘कॅशमध्ये कालबाह्य नोंदी राहण्याची अडचण सोडवणारे सात पॅच. पहिले तीन नुसती जागा बदलतात, वागणूक तीच. चौथा खरा बदल. कॉन्फिग वाचणाऱ्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला. दोन्ही बाजूंचे नवे पर्याय ठेवले, क्रम वर्णानुक्रमे.’ आता ‘फर्स्ट-पेरेंट’ (फक्त मुख्य ब्रँचची रेषा धरणारा पर्याय) देऊन लॉग, म्हणजे कमिटची यादी, काढा. सहा महिन्यांचं काम अनुक्रमणिकेसारखं वाचता येतं. २०२० मधल्या २.२९ पासून बायसेक्टलाही हा पर्याय आहे. आधी कुठल्या गठ्ठ्याने बिघडवलं ते शोधा, मग त्या गठ्ठ्याच्या आत शिरा.

एकाच कमिटमध्ये दोनाहून जास्त ब्रँच बांधण्याच्या, म्हणजे ऑक्टोपस मर्जच्या, वाटेला जाऊ नका. कर्नेलच्या इतिहासात २०१४ च्या जानेवारीतला, ध्वनीच्या उपविभागाकडून आलेला एक मर्ज ६६ पालकांचा आहे. गिटने तो पेलला, पण तो वाचायला बसलेल्या माणसाचे हाल होतात.

प्रत्यक्ष कॉन्फ्लिक्ट हातात आला की काय करायचं, ते थोडक्यात. कॉन्फ्लिक्टची शैली ‘झेडडिफ३’ ठेवा. मग दोन बाजूंच्या मधे मूळ कोडही दिसतो आणि कोणी काय हेतूने बदललं ते लगेच कळतं. लॉगला ‘मर्ज’ हा पर्याय द्या, म्हणजे त्या फाइलला हात लावणारे दोन्हीकडचे कमिट तेवढे समोर येतात. ते वाचल्याशिवाय एकही ओळ निवडू नका. आणि ‘अवर्स’ या शब्दापासून जपून. मोठ्या एक्सने दिलेला ‘अवर्स’ फक्त भांडणाच्या जागी आपली बाजू घेतो. लहान एसने, म्हणजे स्ट्रॅटेजी म्हणून, दिलेला ‘अवर्स’ समोरच्या ब्रँचचं सगळं काम फेकून देतो आणि तरी ती मर्ज झाली अशी नोंद करतो. एका अक्षराच्या गफलतीने महिन्याचं काम गायब होतं, आणि पुन्हा मर्ज केलं तर गिट सांगतो सगळं आधीच आत आहे.

एक कॉन्फ्लिक्ट मात्र मराठीसारख्या भाषांत काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो, म्हणून सविस्तर सांगतो. प्रोग्रामच्या मराठी भाषांतराच्या पीओ फायली मी काही वर्षं सांभाळल्या. एकदा मर्जमध्ये गिट थांबला आणि दोन बाजू अशा दाखवल्या:

दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा

दुसर‍्या फोल्डरमध्ये हलवा

पडद्यावर दोन्ही ओळी सारख्याच. शेवटी स्पेस असेल म्हणून पाहिलं, नव्हती. मग बाइट काढून पाहिले. पहिल्या ओळीत अर्धा ऱ हा युनिकोडच्या ०९३१ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून आलेला. दुसरीत साधा र, म्हणजे ०९३०, त्याला हलन्त, आणि मागे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, २००डी. दोन भाषांतरकारांचे कीबोर्ड वेगळे होते, एवढंच. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते चालवूनही या दोन ओळी एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘करणाऱ्या’ असे शब्द भाषांतरात पावलोपावली येतात, त्यामुळे शोध करणाऱ्यालाही अर्धे शब्द सापडत नव्हते. आम्ही पहिलं रूप प्रमाण धरलं, कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हुकमध्ये, दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर टाकलं, आणि अख्ख्या फायली एकाच कमिटमध्ये बदलून घेतल्या. तुमच्या लायब्ररीत मराठी किंवा कोकणी संदेश असतील तर असला हुक आजच लावा.

पीओ फायलींचे बाकीचे कॉन्फ्लिक्ट निरर्थक असतात: वर साच्याची तारीख, आणि प्रत्येक वाक्यावर ते कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे याची टीप. कोडमध्ये वर एक ओळ वाढली की खालच्या शंभर टिपा बदलतात. ओळींचे क्रमांक लिहूच नका असं भाषांतरासाठीच्या गेटटेक्स्ट या संचातल्या हत्यारांना सांगता येतं. तयार होणारी कुठलीही फाइल, मग ती भाषांतराचा साचा असो की पॅकेजांची लॉक फाइल, हाताने मर्ज करायची नाही. एक बाजू घ्या आणि ती पुन्हा निर्माण करा.

जुन्या रिलीजच्या ब्रँचसाठी दोन पद्धती आहेत. गिट प्रकल्पात दुरुस्ती जुन्या ब्रँचवर बसेल अशी लिहितात आणि वरवर मर्ज करत नेतात. कर्नेलच्या स्टेबलमध्ये, म्हणजे जुन्या रिलीजच्या ब्रँचमध्ये, उलट: दुरुस्ती आधी मुख्य ट्रीमध्ये गेलेली हवी, मग ती मागे आणायची, आणि संदेशात मूळ कमिटचा क्रमांक द्यायचा. तुमच्या दोन ब्रँच मुख्यपासून लांब गेलेल्या दिसतात, म्हणून दुसरी पद्धत घ्या. चेरी-पिक करताना लहान ‘एक्स’चा पर्याय दिला की मूळ क्रमांक आपोआप लिहिला जातो. दुरुस्ती मुख्यमध्ये आधी जाण्याचा फायदा असा की जुन्या रिलीजमध्ये बुजवलेला बग पुढच्या रिलीजमध्ये परत उगवत नाही.

तो बग अजून सापडला नसेल आणि तुम्ही अख्खा मर्जच रिव्हर्ट करायच्या, म्हणजे उलटा कमिट टाकून मागे घ्यायच्या, विचारात असाल, तर आधी हे वाचा. मर्ज रिव्हर्ट करताना कुठला पालक मुख्य ते ‘एम १’ देऊन सांगावं लागतं, आणि त्याने बदल जातात, पण ती ब्रँच मर्ज झाली ही नोंद इतिहासात राहते. महिन्याने ती ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केलीत तर फक्त नवे कमिट येतील, जुने येणार नाहीत, आणि पुन्हा कोणाच्याच कमिटमध्ये नसलेला बग तयार होईल. त्या वेळी आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करायचा आणि मग मर्ज.

कामाला लागायचा क्रम: या आठवड्यात रात्रीची स्क्रिप्ट आणि रेरेरे. पुढच्या आठवड्यात मर्ज क्यू. फीचर ब्रँचवरचे ‘मर्ज मेन’ नव्या ब्रँचपासून बंद करा, चालू असलेल्या तशाच राहू द्या, त्यांचा इतिहास आता साफ करत बसण्यात अर्थ नाही. आणि दोन जुन्या रिलीजपैकी जी जास्त जुनी आहे तिचा आधार कधी थांबणार ती तारीख लगेच जाहीर करा. वापरणाऱ्यांना हलायला सहा महिने द्या, आणि तोवर तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्यांखेरीज काहीही घेऊ नका.